गयाबाईची पिशवी कोणी लावायची?

माणसाच्या पोटातून काढलेल्या पाण्याची पिशवी उजेडात धरायची, तिच्यामागे वर्तमानपत्र लावायचं आणि अक्षरं वाचता येतात का ते बघायचं, या कामात माझ्या नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं गेली. अक्षरं स्वच्छ दिसली की पेशंट ठीक. अक्षरं धुकट झाली की माझी धावपळ सुरू. त्या काळात देशात काय घडलं ते मला विचारू नका. मी पेपरातली अक्षरं तेवढी बघितली, बातमी कधी वाचली नाही.

मी नर्स. राहायला हिंगोलीत, नोकरी नांदेडच्या एका किडनीच्या डॉक्टरांकडे. जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमच्या बाजूचे घरी डायलिसिस करणारे पेशंट तुम्हीच सांभाळा." म्हणजे मशीनवरच्या सिस्टर थंड खोलीत खुर्चीवर बसणार आणि मी सेनगावच्या जीपमध्ये मागच्या बाकावर, मांडीवर पिशव्यांचं खोकं, शेजारी कुणाची तरी शेळी. मी मुळातच मत्सरी बाई आहे. पांढऱ्या कपड्यांत ते लपून जातं, एवढंच. त्या थंड खोलीवर मी पुढची सगळी वर्षं जळले.

काम काय होतं ते सांगते. किडनी बंद पडली की रक्तातली घाण काढायला दोन वाटा. एक मशीनची, तिच्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहर गाठायचं. दुसरी पोटातून जाते. आपल्या पोटात आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो. बेंबीच्या बाजूला छोटं ऑपरेशन करून एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून औषधाचं पाणी आत सोडायचं, काही तास राहू द्यायचं. घाण त्या पाण्यात उतरते. मग ते रिकाम्या पिशवीत सोडून द्यायचं आणि नवं भरायचं. दिवसातून तीनदा, रोज, घरात लग्न असो नाहीतर मयत. घरच्या घरी होतं हे त्याचं सुख, आणि भीतीही तीच. कारण पिशवी जोडताना नळीच्या तोंडाला नुसतं बोट लागलं तरी जंतू थेट पोटात. मग ताप, पोटदुखी आणि गढूळ पाणी.

एखाद्या वेळी औषधांनी निभावतं. पुन्हा पुन्हा झालं की पडदा खराब होतो आणि नळी काढावी लागते. मग खेड्यातल्या म्हाताऱ्या जिवाला मशीनसाठी नांदेडच्या खेपा. त्या खेपांत किती जण टिकतात ते मी पाहिलंय. सेनगावजवळच्या एका तांड्यावरचा धडधाकट माणूस होता. भाचीच्या लग्नात त्याची पिशवी गढूळ आली. पाहुणे गेले की कळवू, म्हणून थांबला. पाहुणे गेले आणि त्यांच्या पाठोपाठ तोही गेला.

म्हणून माझे नियम कडक. दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे आणि खोलीत पेशंट आणि पिशवी लावणारं माणूस यांच्याशिवाय चिटपाखरू नको. जवळा बाजारला एक गुरुजी होते. त्यांच्या मंडळी पिशवी लावायच्या आणि गुरुजी पडल्या पडल्या नियम म्हणून घ्यायचे, वर्गात पाढे घेतल्यासारखे. बाई मास्कच्या आतून "हो, झालं, हो, झालं" म्हणत राहायच्या. मला त्या गुरुजींचाही हेवा वाटायचा. माझ्या पोटात नळी असती तर आमच्या ह्यांनी साबण कुठे ठेवलाय हे मलाच विचारलं असतं.

पण सगळ्यांत जास्त मी जळले ती गोरेगावच्या पुढच्या एका खेड्यात, गयाबाईच्या घरी.

गयाबाई साठीच्या पुढची, विधवा, अंगानं वाळकी, बोलणं मोजकं. दोन मुलगे शेती करायचे. थोरली सून सिंधू, धाकटी मंगल. नळी बसवल्यावर घरच्यांनी पिशवी लावायला शिकायला सिंधूला पाठवलं. पोरगी हुशार होती. पण पहिल्याच दिवशी मला एक अडचण दिसली. त्या घरात सुनेनं सासूसमोर डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभं राहायचं नाही. सिंधू नळी जोडायला वाकली की पदर घसरायचा आणि पदर घसरला की हात आपोआप डोक्याकडे जायचा. हात आताच धुतलेला आहे हे त्या हाताच्या लक्षातच यायचं नाही. पदर घेऊ नको म्हटलं तर ती घाबरली, म्हणाली, "आत्याबाईसमोर? न्हाई जमायचं." मग मी तिला युक्ती शिकवली. आधी पदर कानांमागे दोन पिनांनी पक्का करायचा, वरून मास्कच्या नाड्या बांधायच्या आणि मगच साबणाला हात लावायचा.

पहिलं वर्ष पाणी असं नितळ की मी डॉक्टरांपुढे मिरवत असे. दर महिन्याला जायचे. खोलीत मी मास्क लावून कोपऱ्यात उभी राहायचे आणि त्या दोघींना बघायचे. पाणी उतरायला वेळ लागतो, तेवढ्यात गयाबाई बोलायची. बाहेर मोजकं बोलणारी ही बाई बंद दाराआड सुनेला आपल्या माहेरची चिंच, हरवलेली म्हैस, लग्नात झालेली फजिती असलं काहीबाही सांगायची आणि सिंधू मास्कच्या आत हसायची. मी नियम म्हणून दार लावायला सांगितलं होतं. भरल्या घरात दिवसाढवळ्या दार लावून दोन माणसं निवांत बसू शकतात, ही चैन त्या घरात माझ्या नियमामुळे आली होती.

माझ्या सासूबाईंनी माझ्या हातून कधी पाणी घेतलं नाही. दवाखान्यात कुणाकुणाचं काढते, म्हणून घरी आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मी माठाला शिवायचं नाही आणि अंघोळ केल्यावरही शक्यतो नाहीच. त्यांचं बोट विळीवर कापलं तेव्हा त्या मला ओलांडून शेजारणीकडे गेल्या पट्टी बांधायला. आणि इथे ही म्हातारी आपलं पोट उघडं करून सुनेच्या हवाली करत होती. सिंधूचा मला इतका राग यायचा की तिचं एकदा तरी काही चुकावं असं वाटायचं. चुकत नव्हतं.

मी एकटीच जळत नव्हते. ओसरीवर मंगल मला चहा द्यायची आणि हळूच विचारायची, "सिस्टरबाई, दार लावून इतकं काय बोलत्यात हो त्या? म्हातारीच्या पाटल्यांचं चाललंय का?"

"अगं, तोंडाला मास्क असतो."

"मास्कातून बी आवाज येतो. हसू बी येतं." तिच्या डोळ्यांत पाणी असायचं. "माझ्यासंगं दोन शबूद बोलत न्हाईत. मी काय परक्याची हाये का?"

मग एकदा गढूळ पाणी आलं. औषधांनी आवरलं. काही महिन्यांनी पुन्हा आलं, या वेळी गयाबाई चांगलीच खंगली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आणखी एकदा झालं तर नळी काढायची." नळी काढली तर गयाबाई जगणार नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी त्या घरात जाऊन सगळं तपासलं. साबण, टॉवेल, पिशव्या ठेवायची जागा. सिंधूकडून समोर पिशवी लावून घेतली, कुठे बोट ठेवायला जागा नाही. प्रत्येकाला विचारलं, "पिशवी कोण लावतं?" मुलांनी सांगितलं, थोरली. गयाबाईनं सांगितलं, थोरली. मंगलनं खाली बघून तेच सांगितलं.

त्यानंतर एकदा मी न कळवता गेले. गोरेगावहून जीप लवकर मिळाली म्हणून दुपारच्या पिशवीच्या वेळेलाच पोचले. बघते तर सिंधू ओसरीच्या टोकाला गोणपाटावर बसलेली, शेजारी वेगळा तांब्या, आणि खोलीचं दार बंद.

"आत कोण आहे?"

सिंधूनं तांब्या आणखी जवळ ओढला.

"अगं, पिशवीची वेळ आहे. आत कोण आहे?"

"मंगल हाये. मी बाजूला बसलेय न्हवं. चार दिवस आत्याबाईला शिवता येत न्हाई."

बाई असून मला हे सुचलं नव्हतं. म्हणजे दर महिन्याला चार दिवस मंगलच पिशवी लावत होती, आणि पहिलं वर्ष निव्वळ नशिबानं निभावलं होतं. आमच्या घरी मी नर्स म्हणून बाराही महिने कशाला शिवायचं नव्हतं, त्यामुळे त्या चार दिवसांचं वेगळं काही उरलंच नव्हतं. मी खिडकीच्या फटीला डोळा लावला. मंगल खरोखर छान करत होती. बाहेरून बघून बघून शिकलेली. मास्क होता, पंखा बंद होता, हात कोपरापर्यंत धुतलेले. मग ती नळी जोडायला वाकली. पदर घसरला. हात वर गेला, केसांवरून पदर नीट ओढून घेतला आणि तीच बोटं नळीच्या तोंडाशी आली. खाटेवरून गयाबाई ते सगळं बघत होती, एक शब्द बोलली नाही.

मी दार ढकललं तोवर नळी जोडून झाली होती. मी सगळं बंद केलं, नळीचं टोक बदललं, शेजारच्या दुकानातून डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलेलं औषध पिशवीत भरून पोटात सोडलं. आता पुढच्या दोन दिवसांत पाणी नितळ राहतं की गढूळ होतं यावर सगळं होतं. मी तिथेच मुक्काम केला.

घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. मंगल रडत म्हणाली, "पिनांचं मला कोनी सांगितलंच न्हाई." सगळ्यांनी सिंधूकडे पाहिलं.

"तिनं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई," सिंधू म्हणाली.

"मी मंगललाही शिकवते," मी म्हटलं, "मग कधीही अडणार नाही."

"मंग तिलाच करू द्या की बाराही महिने. मी हात लावनार न्हाई."

"मला बी नको तुमचं उरलंसुरलं," मंगल म्हणाली.

दोन्ही मुलांनी "तुमी बाया बाया ठरवा" म्हणून शेताची वाट धरली. कटकट निघाली की पुरुषांना पिकाची आठवण होते, हे मी दर घरी पाहिलंय.

संध्याकाळी सिंधू गोणपाटावर बसल्या बसल्या मला म्हणाली, "खरं सांगू का सिस्टरबाई? तिच्या हातून गढूळ आलं की मला लई वाईट वाटायचं. अन् आतून बरं बी वाटायचं. समदे म्हनायचे, सिंधूचाच हात पायजे. आता पाप लागंल ते लागंल."

नर्स म्हणून मी तिला फाडून खायला हवं होतं. पण मला तिचं पुरतं समजलं. मीही तिच्या चुकण्याची वाट बघत होतेच की.

दुसऱ्या दिवशी सकाळचं पाणी मीच काढलं. नितळ होतं. तरी अजून सुटका झाली असं म्हणायची वेळ नव्हती. दार बंद होतं, खोलीत गयाबाई आणि मी दोघीच. मी विचारलं, "मंगलचा हात डोक्याला लागलेला तुम्हाला दिसत होता ना?"

"दिसत व्हता."

"मागच्या दोन्ही वेळेलाही?"

"व्हय. पयल्या बारीला पोट दुखलं तवाच समजलं मला."

"मग बोलला का नाहीत? जीव गेला असता!"

"बोलले असते त ती पुन्हा आली नसती. सिस्टरबाई, माझ्या मायला पोरीच पोरी. मी झाले तवा कोनी हातात बी घेतलं न्हाई. लगीन झालं त नवऱ्यानं भाकर मागितली, पोरांनी भाकर मागितली. मला कोनी मागितलं न्हाई कदी. अन् आता ही नळी आली पोटात, त दोन बाया माझ्यापायी भांडून राहिल्या. एक म्हनती आत्याबाई माझी, दुसरी म्हनती माझी. काहून मोडू मी ते?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडण्याऐवजी मला रडूच आलं, आणि ते दयेचं नव्हतं. ते निव्वळ मत्सराचं होतं. मरणाच्या दारात बसलेल्या बाईचा हेवा करणारी नर्स तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. कारण माझ्यासाठीही कधी कोणी भांडलं नव्हतं आणि माझ्या पोटात तर नळीसुद्धा नव्हती.

मास्कमध्ये रडलं की नाक चोंदतं. कसंबसं म्हटलं, "गयाबाई, नळी काढावी लागली तर या दोघी भांडायच्या थांबतील. तुमच्या उशाशी बसून नुसत्या एकमेकींकडे बघतील. ते बघायला तरी तुम्ही असाल की नाही, सांगता येत नाही."

पिशवी भरून झाली, मी नळी बंद केली, तेव्हा ती म्हणाली, "एकीला धरलं त दुसरी जाती. दोघी बी पायजेत मला. मंग असं करा, मलाच शिकवा."

खरं तर दुसरीकडे कितीतरी पेशंट आपली पिशवी आपणच लावत. पण या घरात सासू खाटेवर आणि सून सेवेला, हे आम्ही सगळ्यांनी असं धरून ठेवलं होतं की कोणी म्हातारीला विचारलंच नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरत नव्हते. मी शिकवायला घेतलं. पहिलीच गोष्ट तिनं काय केली, तर डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. म्हणाली, "आता मी कोनाची सून हाये?" पिनांचा प्रश्न मिटला.

दोन दिवसांत पाणी बदललं नाही. त्या वेळी वाचलो. पुढे मी बऱ्याच खेपा घातल्या, तोवर गयाबाईच्या शब्दाखातर दोघींनी पदराला पिना लावून आळीपाळीनं निभावलं, गयाबाई सावकाश शिकली, आणि शिकल्यावर तिनं माझा एक नियम मोडला. दोन्ही सुनांनी मास्क लावून खोलीत भिंतीला टेकून बसायचं, असं तिनं ठरवून टाकलं. मी नको नको म्हटलं. "तुमच्या तोंडाला फडकं हाय, तसं त्यांच्या बी बांधा," म्हणाली. सिंधूचे ते चार दिवस आले तेव्हा ती दाराबाहेर थांबली, तर गयाबाईनं आतून हाक मारली, "ये की. तू कुठं हात लावती मला?" झालं. त्या दोघी तिच्या बोटांवर अशी नजर ठेवायच्या की मलाही तशी जमली नसती. "आत्याबाई, नखं!" "आत्याबाई, थांबा, टोपन!" आणि मग चूक आधी कोणाला दिसली यावरून दोघींचं जुंपायचं, गयाबाई मास्कच्या आत हसायची.

त्यानंतर त्या घरात गढूळ पाणी आलं नाही. मी जायचे, वर्तमानपत्र लावून बघायचे, अक्षरं स्वच्छ असायची. डॉक्टर शाबासकी मला द्यायचे. पण त्या खोलीत तिघींचं जे काही चालायचं त्यात मला जागा नव्हती. मी आले की गोष्ट मध्येच थांबायची आणि गेल्यावर पुढे चालू व्हायची, हे मला दारातूनच ऐकू यायचं. जीपमध्ये बसून मी गोरेगावपर्यंत धुमसत यायचे.

काही वर्षांनी गयाबाई गेली. इन्फेक्शननं नाही. किडनीच्या पेशंटांचं हृदय कधी कधी असं अचानक थांबतं, पाणी कितीही नितळ असलं तरी. सकाळी मी ड्यूटीला निघायच्या तयारीत होते, तेवढ्यात घरचा फोन वाजला.

"सिस्टरबाई, मी सिंधू बोलून राहिले, आत्याबाई..."

मागून आवाज आला, "दे इकडं. मी सांगते सिस्टरबाईला."

"थांब गं, मी लावलाय न्हवं फोन!"

"गेल्या हो सिस्टरबाई, आपल्या आत्याबाई गेल्या!" ही मंगल.

"मी सांगत व्हते न्हवं!" ही सिंधू, आणि दोघी रडायला लागल्या. कोणतं रडणं कोणाचं ते कळत नव्हतं.

माझ्या तोंडातून तेच निघालं जे इतकी वर्षं निघत आलं होतं. "सकाळचं पाणी कसं होतं?"

"नितळ!" दोघी एकदम म्हणाल्या. आणि लगेच पिशवी उजेडात आधी कोणी धरली यावरून पुन्हा सुरू झाल्या.

माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशी मी ड्यूटीवर होते. निरोप घेऊन दवाखान्याचा शिपाई आला, तोही आधी चहा पिऊन. घरातल्या कोणालाही मला सांगायची घाई नव्हती. आणि इथे, कुठल्या कुठल्या खेड्यात, दोन बायका मला आधी कोणी सांगायचं म्हणून एकमेकींच्या हातातला फोन ओढत होत्या.

त्यांचं आवरत आलं होतं. सिंधू म्हणाली, "ठेवू का आता?"

मी म्हटलं, "नीट ऐकू आलं नाही गं. पुन्हा सांगा. कोण सांगतंय?"